रुपया वाजवून घेताना

आमच्या घरी दिवाळीत वहीपूजनाच्या ताटात चांदीचे अकरा रुपये मांडायची पद्धत आहे. मी लग्न होऊन बेळगावला आले तेव्हापासून मात्र त्या ताटात दहाच रुपये बघते आहे. अकरावा थोरल्या नणंदेच्या ओटीत गेला आणि तिच्या सासरी कुठं नाहीसा झाला, कुणालाच ठाऊक नाही. सासूबाई दरवर्षी ताटावरून बोट फिरवत मोजतात आणि म्हणतात, "एक कमी आहे बघ." तीस वर्षं हे एकच वाक्य ऐकल्यावर गेल्या वर्षी मी ठरवलं की अकरावा रुपया आपणच आणायचा.

सराफकट्ट्यावर गेले असते तर राणीछाप किंवा राजाछाप रुपया चांदीच्या भावाला थोडं वर देऊन मिळाला असता आणि हा लेखही लिहावा लागला नसता. पण मला इतिहासाची हौस. त्यात मुलानं मोबाईलवर जुनी नाणी विकणारी पानं दाखवली. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी नाणी बघत बसायची. शेवटी एका नाण्यावर जीव जडला. पंचम जॉर्ज, साल १९११. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'ग्रेड न केलेले, जुन्या घराण्याच्या संग्रहातून.' किंमत साडेचार हजार.

१९११ सालाचंच नाणं का, ते सांगायला हवं. पंचम जॉर्ज १९१० साली गादीवर आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या चेहऱ्याचे रुपये निघाले. राजाच्या अंगावर झगा आणि गळ्यात मानाची साखळी आहे, आणि त्या सगळ्या नक्षीत एक छोटासा हत्ती आहे. ठसा कोरणाऱ्यानं त्याची सोंड अशी आखूड काढली की तो हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागला. लोकांत कुजबुज सुरू झाली. राजानं छातीवर डुक्कर मिरवावं आणि ते नाणं मुसलमानांनी खिशात ठेवावं, हे कसं चालायचं? सरकारनं रुपया मागं घेतला. सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले होते, त्यांतले सात लाखच बाहेर पडले होते. उरलेले वितळवले, आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा नवा ठसा वापरला. म्हणून १९११चा रुपया गोळा करणाऱ्यांना हवाहवासा. सासूबाईंना ही गोष्ट मी मोठ्या कौतुकानं सांगितली. त्या म्हणाल्या, "डुकराचा रुपया पूजेत मांडणार व्हय गं तू?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आठ दिवसांनी पार्सल आलं. कापसात गुंडाळलेला रुपया बाहेर काढला, हातावर घेतला. जड होता, थंड होता, थोडा काळवंडलेलाही होता. मला तो आवडला. तरी मनात पाल चुकचुकत होती, म्हणून घरचे दहा आणि हा अकरावा असे सगळे रुपये पिशवीत घालून मी शहापुरात आमच्या ओळखीच्या सराफांकडं गेले. वय ऐंशीच्या पुढं. दुकान आता नातवाच्या हातात, पण काका रोज सकाळी येऊन गादीवर बसतात.

त्यांनी काट्यावर नवा रुपया ठेवला. अकरा ग्रॅम आणि वर साठ मिली. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तो एकशे ऐंशी ग्रेनचा, म्हणजे बरोबर एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हे प्रमाण पुढं १९३९ पर्यंत टिकलं. शंभर वर्षं हातोहात फिरलेला रुपया थोडा झिजणारच, तेव्हा वजन ठीक होतं. मग काकांनी रुपया अंगठ्याच्या नखावर घेऊन उडवला आणि दगडी फरशीवर पडू दिला. खण्ण! आवाज लांबत गेला. "चांदी खणखणीत आहे हो वहिनी," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"आणलेच आहेत तर घरचेही वाजवा," मी म्हटलं. ते एकेक वाजवू लागले. खण्ण, खण्ण, खण्ण. सातव्याला मात्र थप्प असा आवाज आला. काकांनी तो पुन्हा टाकला. पुन्हा थप्प. काट्यावर ठेवला, तर वजनही जुळेना. तो राणीछाप, १८६२ सालचा. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि काठाजवळची एक बारीक खाच मला दाखवली. "हा कुणीतरी आधीच तपासलाय. छिन्नी मारून बघितलंय. आत शिसं असणार, वर चांदीचा मुलामा." मग थोडं थांबून विचारलं, "हा घरचाच काय?"

घरचाच. मामंजींच्या वेळेपासूनचा. मी काही न बोलता सगळे रुपये पिशवीत भरले.

त्या खाचेनं मला पुढचे कित्येक दिवस वाचनाला लावलं. आज आपण दहाची नोट न बघता खिशात टाकतो, पण नाणं न तपासता घ्यायची सोय आपल्याकडं गेल्या दीड-दोनशे वर्षांतलीच. त्याआधी ज्याच्या त्याच्या टाकसाळीचा वेगळा रुपया. पुण्याकडं अंकुशी, नाशकाकडं चांदवडी, निजामाच्या मुलखात हाली सिक्का. आमच्या शहापुरातही सांगलीकर पटवर्धनांच्या अमलात टाकसाळ होती, तिचा तो शहापुरी. पेशवाईत टाकसाळीचे परवाने सोनार-सावकारांना मिळत, आणि परवान्यासाठी पैसे मोजलेला माणूस ते रुपयातल्या चांदीतून काढायला बघणारच. म्हणून सरकारी वसुलीत पोतदार बसलेला असे. आलेलं प्रत्येक नाणं पारखायचं, हलकं असेल तर किती हलकं ते सांगायचं, हे त्याचं काम. त्या कमीपणासाठी जी रक्कम कापून घेत तो बट्टा. आज आपण 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच. पोतदार, पारख, सराफ ही आडनावं आपल्या आसपास इतकी आहेत की त्यांच्यात एके काळी कान आणि डोळा वापरायचं एक शास्त्र होतं, हे आपण विसरूनच गेलो.

या शास्त्राचा सगळ्यात जुना तपशीलवार ग्रंथ एका जैन गृहस्थानं लिहिला आहे, हे मला या निमित्तानं कळलं. ठक्कुर फेरू त्याचं नाव. दिल्लीत खिलजी सुलतानांच्या पदरी हा माणूस नोकरीला होता आणि टाकसाळीचं काम त्यानं जवळून पाहिलं होतं. १३१८ साली त्यानं प्राकृतात 'द्रव्यपरीक्षा' लिहिली. सोनं-चांदी शुद्ध कशी करायची, मिश्रणाचा कस कसा काढायचा हे सुरुवातीला, आणि पुढं गुजरात, माळवा अशा ठिकठिकाणच्या अडीचशेहून अधिक नाण्यांची यादी. कुठल्या नाण्यात चांदी किती, वजन किती, दिल्लीच्या नाण्यात त्याचे किती मिळावेत, सगळं गाथांतून. हा ग्रंथ त्यानं सुलतानासाठी लिहिला नाही. भाऊ आणि मुलगा यांना उपयोगी पडावा म्हणून लिहिला. घरातला कर्ता माणूस पोराला व्यवहार शिकवतो तसा. त्याची पोथी गेल्या शतकात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना कलकत्त्याच्या एका ग्रंथभांडारात सापडली, नाहीतर फेरूचं नावही उरलं नसतं. अकबराच्या दरबारातल्या नवरत्नांची नावं शाळेत पाठ करून घेतात. हा माणूस मात्र मला पन्नाशी उलटल्यावर भेटला.

सराफांबद्दल सगळंच गोड लिहावं असंही नाही. नाणं जुनं झालं, साल मागचं झालं की वजन पुरेपूर असलं तरी ते बट्टा लावायचे. बंगालमध्ये कंपनी सरकार याला इतकं कंटाळलं की शहा आलम बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष तिनं रुपयावर कायमचं गोठवून टाकलं. बादशहा म्हातारा झाला, आंधळा झाला, रुपयावरचं साल एकोणीसच. राणीच्या रुपयाचंही तसंच. १८६२ हे साल घातलेले रुपये पुढं दहा-बारा वर्षं पाडले जात होते. म्हणजे साल खोटं असलं की नाणं खोटं, असंही सरळ म्हणता येत नाही. सरकारी टाकसाळच साल खोटं लिहीत होती.

हे वाचता वाचता एका रात्री मी आपला नवा रुपया भिंगाखाली धरला. मुलाच्या शाळेतलं जुनं भिंग, टेबलावर दिवा. राजाच्या झग्यावर हत्ती शोधला. सापडला. सोंड लांब, खाली वळलेली, अगदी स्पष्ट. कुठल्याही पोरानं ओळखावा असा हत्ती.

म्हणजे हा रुपया १९११चा असूच शकत नव्हता. मग सालाकडं पाहिलं. शेवटचा १ बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक, आणि त्याच्या डाव्या अंगाला जमीन घासल्यासारखी गुळगुळीत. कुणीतरी १९१७चा साधा रुपया घेतला होता आणि ७ची आडवी दांडी तासून काढली होती. चांदी खरी, वजन खरं, आवाज खरा, टाकसाळही खरी. खोटं काय, तर तासलेली केसाएवढी एक रेघ. काकांचा कान साठ वर्षांचा, पण त्याला ही रेघ ऐकू येणार नव्हती. आणि घरचा १८६२चा? त्याचं साल, अक्षरं, राणीचा मुकुट, सगळं वरवर ठीक. ते डोळ्यांना फसवत होतं, पण फरशीवर पडताच उघडं झालं.

सगळ्यात जास्त राग मला स्वतःचा आला. विकणाऱ्यानं टाकलेला फोटो मी पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला. हत्ती तिथंही दिसत होता. ज्या हत्तीची गोष्ट मी घरभर सांगत होते त्या हत्तीकडंच मी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी जमेल तेवढं या विषयात लक्ष घातलं आणि ओळखीच्या बायका आता मला फोटो पाठवून विचारतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मोठ्या श्रद्धेनं तांब्याचं एक नाणं घेतलं होतं. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता आणि हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, साल १८१८. कंपनीनं कधी देवाचं नाणं पाडलंच नाही असं मी एकदम म्हणणार नाही. मद्रासकडं तिनं विष्णूची मूर्ती असलेले सोन्याचे होन पाडले आहेत. पण एक आण्याचं नाणं सरकारनं पहिल्यांदा काढलं ते १९०६च्या कायद्यानंतर, आणि तेही तांब्याचं नव्हे. १८१८ साली एक आण्याचं नाणंच नव्हतं, मग त्याच्यावर राम कुठून येणार? देवळाबाहेर विकले जाणारे हे टाक. ते देवघरात ठेवायला हरकत नाही, हजारो रुपये मोजायला आहे. काकू जरा नाराज झाल्या. 'एवढा अभ्यास करून देवावर शंका' असं काहीतरी पुटपुटल्या.

सांगायचं ते हे, की काटा आणि फरशी जवळ नसताना घरबसल्या नाणं घ्यायचं तर इतिहास हीच पहिली कसोटी. पैसेही लागत नाहीत. त्या सालात ते नाणं निघत होतं का, त्या धातूचं होतं का, वजन किती असायला हवं, एवढं आधी माहीत करून घ्यायचं. मग विकणाऱ्याला सांगायचं, काट्यावर ठेवून फोटो पाठवा, कडेचा फोटो पाठवा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला बहुतेक वेळा जोडाची रेघ असते, अंगावर बारीक खड्डे असतात. ठशानं पाडलेल्या नाण्याची अक्षरं कशी कोरून उठतात, ते दोन-चार खरी नाणी हाताळली की नजरेत बसतं. दुर्मिळ साल असेल तर आकडे भिंगातून. तोच फोटो तीन ठिकाणी दिसला की पुढं जायचं. आणि लोहचुंबक लावून सगळ्यांना खोटं ठरवू नये. १९४७चा रुपया निकेलचा आहे, तो खरा असूनही चुंबकाला चिकटतो. आमच्या एका नातेवाइकानं असा चांगला रुपया पोराला खेळायला देऊन टाकला.

मुलगा म्हणाला, "आई, तू ग्रेड केलेलंच का नाही घेतलंस?" अमेरिकेत अशा दोन मोठ्या कंपन्या आहेत, १९८६ आणि ८७ साली निघालेल्या. त्या नाणं तपासून एक ते सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक डबीत बंद करून नंबर घालतात. चांगली सोय आहे. पण त्या डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत, नंबर कंपनीच्या नोंदीत पडताळून बघावा लागतोच. शिवाय आपल्याकडं शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते उचलून परदेशी पाठवता येत नाही. आणि दोनशे रुपयांच्या शिवराईला हजारोंची डबी कोण करणार? आपली बहुतेक जुनी नाणी कच्चीच विकली जाणार. त्यात संशयाचं काही नाही. फेरूच्या वेळीही ती कच्चीच होती. फक्त तेव्हा पलीकडं माणूस बसलेला असायचा, आणि नाणं खोटं निघालं तर त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभं राहता येत होतं.

माझ्या विकणाऱ्याला मी दोन पानी पत्र लिहिलं. हत्तीची सगळी हकिकत, सालाचा मोठा केलेला फोटो. उत्तर एका ओळीचं आलं. वस्तू फोटोप्रमाणे पाठवली आहे, ग्रेड न केलेली असं स्पष्ट लिहिलं होतं, परत घेतली जाणार नाही. त्याच्या हिशेबानं तो खोटं बोललाच नव्हता.

मुलानं मार्ग सुचवला. "आपणही तसंच लिहून विकू या. १९११, ग्रेड न केलेलं, फोटोप्रमाणे. कुणीतरी घेईलच." तो काही वाईट मुलगा नाही. साडेचार हजार गेले याचं त्याला माझ्याइतकंच वाईट वाटत होतं. खोटं कबूल करते, एक दुपार मीही तो विचार केला. फोटो काढायला रुपया खिडकीत उजेडात ठेवला. मग लहानपणी पाठशाळेत घोकलेला एक शब्द आठवला, प्रतिरूपकव्यवहार. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा. पूज्यपादांनी त्याचा अर्थ दिला आहे तो असा, की बनावट सोन्या-नाण्यानं फसवून केलेला व्यवहार. परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. ज्यांनी ही यादी केली त्यांच्यासमोर व्यापारी बसलेले असणार, आणि त्या व्यापाऱ्यांनाही एखादी दुपार अशी आलेली असणार. मी रुपया खिडकीतून उचलला. काकांना चांदीच्या भावात द्यावा, तर ते वितळवतील की पुन्हा कुणाला देतील, सांगता येत नव्हतं. १९११ म्हणून तो परत कुणाच्या तरी हाती जायचाच. तो कपाटात पडून राहिला.

उरला घरचा, शिशाचा. तो तर साठ वर्षं पूजेत. सासूबाईंना सांगावं की नाही, यावर आम्हा नवराबायकोत दोनदा बोलणं झालं. हे म्हणाले, "ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आता कशाला सांगतेस?" मला ते पटलंही होतं. पण धनत्रयोदशीला रुपये चिंचेनं घासायला आम्ही दोघी बसलो, तेव्हा नेमका तो त्यांच्या हातात आला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, हा रुपया चांदीचा नाही. आत शिसं आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे की," म्हणाल्या. "तुझ्या मामंजींना गुळाच्या बाजारात कुणीतरी दिलेला. ती खाच त्यांनीच मारलीय. दुसऱ्याला गळ्यात घालणं त्यांना जमंना, आणि फेकून दिला तर कुणीतरी उचलून पुढं चालवणार. म्हणून म्हणाले, देवात ठेव. तिथनं तो कुठं जात नाही."

मी हात पुसले आणि कपाटातून माझा रुपया आणला. सगळी हकिकत सांगितली, तासलेल्या सातासकट. त्यांनी तो घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांना काही दिसलं नसणार.

"डुक्कर न्हाई न्हवं त्याच्यावर?"

"नाही. हत्तीच आहे."

"मग ठेव," म्हणाल्या आणि चिंचेचा कोळ माझ्याकडं सरकवला. "नीट घास. काळा पडलाय किती."